उचललंच आहे तर

लोरेन हुराकच्या स्वयंपाकघरातल्या छतावर जो डाग पडला तो पहिल्या दिवशी बशीएवढा होता. दुसऱ्या दिवशी तो ताटाएवढा झाला. तिसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी सकाळी, त्याच्या मधोमध एक थेंब जमला, थोडा लोंबला आणि नेमका एमिल हुराकच्या ऑम्लेटमध्ये पडला. एमिलनं वर पाहिलं. छताच्या वर काय आहे हे त्याला, बायको लोरेनला आणि मुलगी नादिनला, तिघांनाही ठाऊक होतं. एमिलनं बशी हळूच बाजूला सारली.

"कमोड गळतोय," शेवटी लोरेन म्हणाली.

"कमोड नाही गळत. त्याच्या खालचं मेणाचं कडं वाळलंय," एमिल म्हणाला. हे त्याला आदल्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं, पण मध्यंतरी त्यानं फोनवर तीन व्हिडिओ पाहिले होते, आणि तीन व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला न कळण्यासारखं जगात फारसं काही उरत नाही. कमोड आणि जमिनीतला पाइप यांच्या मध्ये मेणाचं एक जाड कडं बसवतात. कमोडच्या वजनानं ते दाबलं जातं आणि खालचं पाणी खालीच राहतं. जुनं काढायचं, नवं ठेवायचं, वर कमोड बसवायचा. झालं काम.

"डॉमिनिकना फोन कर," लोरेन म्हणाली.

डॉमिनिक सबातेल्ली म्हणजे एमिलचे होऊ घातलेले व्याही. त्यांच्या मुलाशी एमिलच्या नादिनचं लग्न एप्रिलअखेरीला ठरलं होतं. डॉमिनिक चाळीस वर्षं प्लंबर होते, आणि पिट्सबर्गच्या या बाजूला त्यांचा हात न लागलेला नळ शोधून सापडला नसता. अशा व्याह्याला फोन करणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट होती. पण साखरपुड्याच्या जेवणात डॉमिनिक सहज म्हणाले होते, लोक मला मेणाचं कडं बदलायलासुद्धा बोलावतात, आणि एमिल दोन ग्लास वाइनच्या बळावर वीस माणसांसमोर म्हणाला होता, "एवढ्याशा मेणाला प्लंबर कशाला? मेणबत्ती लावायला कोणी बिशपला बोलावतं का?"

सगळे हसले होते. डॉमिनिकही हसले होते. मग तोंड पुसून ते म्हणाले होते, "बरोबर आहे. तुमचं तुम्हीच बसवा."

तेव्हा आता बिशपला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता.

"येत्या शनिवारी बायका येणार आहेत," लोरेन म्हणाली. "अकराजणी. आणि विहीणबाई."

हे मात्र खरं संकट होतं. पिट्सबर्गात लग्न म्हटलं की केक दुय्यम, बिस्किटांचं टेबल मुख्य. दोन्हीकडच्या मावश्या, आत्या, माम्या महिनाभर आधी एकत्र जमून हजारोंनी बिस्किटं भाजतात, गोठवून ठेवतात, आणि लग्नाच्या दिवशी पाहुणे नवरीआधी ते टेबल बघतात. यंदा भाजण्याचा मान लोरेनच्या स्वयंपाकघराला होता. हुराकांच्या घरात दार लावता येईल असा संडास एकच, वरचा. दुसरा तळघरात होता, पण त्याला भिंती नव्हत्या. जुन्या काळी पोलाद गिरणीतून काळेठिक्कर होऊन आलेले कामगार तळघराच्या दारानं आत शिरत आणि वर जाण्याआधी तिथंच मोकळे होत, म्हणून त्या वस्तीतल्या प्रत्येक घराच्या तळघरात वॉशिंग मशीनशेजारी एक कमोड असा उघड्यावर, ध्यान लावून बसलेला असतो. हुराक कुटुंब त्याच्यावर बादल्या ठेवत असे.

"त्या उघड्या कमोडवर मी कॉन्चेटा सबातेल्लींना बसवणार नाही," लोरेन म्हणाली. "आणि बर्निसला तर मुळीच नाही." बर्निस ही लोरेनची थोरली बहीण. ती दूरच्या नव्या वस्तीत राहायची आणि तिच्याकडे साडेतीन संडास होते. अर्धा म्हणजे ज्यात टब नाही तो. पण बर्निस 'साडेतीन' असं म्हणायची तेव्हा ते राज्य वाटायचं.

"दोन तासांचं काम आहे," एमिल म्हणाला.

*

दोन तासांत कमोड खरोखर उचलला गेला. पाणी बंद केलं, टाकी रिकामी केली, दोन गंजलेले बोल्ट करवतीनं कापले, आणि एमिलनं तो पांढरा जड ऐवज मिठी मारून टबात ठेवला. खाली जुनं मेण काळं, तुकडे तुकडे झालेलं होतं. पाइपातून वर वास येऊ लागला तसा त्यानं हाताला लागलेलं एक फडकं पाइपात कोंबलं. व्हिडिओत असंच होतं. इथवर सगळं व्हिडिओबरहुकूम झालं, आणि त्यानंतर लोरेन वर आली.

तिनं कमोडखालच्या फरशीकडे पाहिलं. खालची लाकडी फळी ओली होऊन फुगली होती आणि फरशी वर आली होती.

"उचललंच आहे तर फरशीही बदलून टाक," ती म्हणाली.

मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यात जितकी कामं वाढतात ती 'उचललंच आहे तर' या तीन शब्दांनी वाढतात. कपाट उचललंच आहे तर मागची भिंत रंगवा, भिंत रंगवतोच आहात तर खिडकीही. एमिलनं फरशी उखडली. त्याच्या धापांचा आवाज ऐकून की काय, शेजारचे ऑगी पावलक वर आले. ऑगी ब्याऐंशी वर्षांचे, गिरणीतून निवृत्त, आणि त्यांना सल्ल्याशिवाय दुसरं व्यसन नव्हतं.

"जुन्या फळीवरच नवी फरशी टाक," ते टबाच्या काठावर बसत म्हणाले. "उखडत बसलास तर पोरा, नातवंडं होतील तोवर."

"फळी ओली आहे ना पण, ऑगी."

"वाळेल. फरशी वर बसली की वाळायचं तिला कळतंच."

एमिलनं फळीवर एक नवी पातळ फळी टाकली आणि त्यावर नवी फरशी लावली. अशा रीतीनं जमीन बोटभर उंच झाली आणि पाइपाचं तोंड बोटभर खोल गेलं. ही गोष्ट तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही. ऑगी म्हणाले, "छान दिसतंय." लोरेनही म्हणाली, "छान दिसतंय." फरशीचा चिकट मसाला वाळायला दोन दिवस लागणार होते. तोवर तिघंही तळघरात जात होती. जाणारा माणूस जिन्यावरून खणखणीत आवाजात "मी खाली आहे!" असं ओरडून जायचा, आणि वर बसलेले टीव्हीचा आवाज वाढवायचे. नादिनला हे दोनच दिवस झेपलं. तिसऱ्या दिवसापासून ती कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर जाऊन यायला लागली.

*

सोमवारी एमिलला एक शंका आली. ती त्याला येणं साहजिक होतं, कारण तो क्रॅनमोर नगर कचेरीत एकोणीस वर्षं परवान्यांच्या खिडकीत बसत होता. कुंपण, छप्पर, मांडव, गटार, काहीही करायचं म्हणजे लोकांना एमिलच्या खिडकीपाशी यावं लागे, आणि एमिल अर्ज उलटून म्हणे, "तिसऱ्या पानावर सही राहिली." कित्येक लोकांना चिडून निघून जाताना त्यानं शांतपणे पाहिलं होतं. मग स्वतःच्या घरातला कमोड परवान्याशिवाय हलवायचा?

त्यानं अर्ज भरला आणि शेजारच्या टेबलावरच्या व्हर्नाकडे सरकवला.

व्हर्नानं चष्मा लावला. "अर्जदार एमिल हुराक. तपासणारा अधिकारी एमिल हुराक. असं चालत नाही."

"मग तू तपास."

"मला अधिकार नाही. तू रजेवर असलास तरच माझ्याकडे येतो."

"मग मी रजा टाकतो."

"रजेचा अर्ज चार दिवस आधी." व्हर्ना एमिलच्याच हाताखाली तयार झाली होती, त्यामुळे तिचं बोलणं त्याला फार ओळखीचं वाटत होतं. "आणि तपासणीची पुढची तारीख पुढच्या गुरुवारी आहे."

"शनिवारी माझ्या घरी अकरा बायका येणार आहेत गं!"

"मग गुरुवारनंतर या म्हणावं त्यांना," व्हर्ना म्हणाली. तिनं अर्ज उलटला. "आणि तिसऱ्या पानावर सही राहिली आहे."

एमिल दिवसभर खिडकीत बसून तळमळत राहिला. ज्याला त्याला उगाच परवाने देऊन टाकले. एका गृहस्थाला तर त्यानं न मागितलेल्या कुंपणाचाही देऊ केला. सुटायच्या वेळी व्हर्ना त्याच्या टेबलापाशी आली आणि तिनं नियमांच्या पुस्तकातल्या एका तळटीपेवर बोट ठेवलं. पाइप न हलवता कमोड काढून परत बसवायचा असेल तर परवाना लागत नाही, असं तिथं बारीक टाइपात लिहिलं होतं.

"हे कुणी लिहिलं?" एमिल म्हणाला.

"तू," व्हर्ना म्हणाली. "बारा वर्षांपूर्वी."

*

मंगळवारी कमोड घराबाहेर आला. टबात आंघोळ करायची तर तो तिथून हलवणं भाग होतं, आणि व्हरांड्यात लोरेननं भाजण्याच्या पत्र्यांचा डोंगर रचला होता. एमिलनं तो फुटपाथवर ठेवला आणि मेणाचं कडं आणायला निघाला. तेवढ्यात ऑगी त्यांच्या पायरीवरून म्हणाले, "गाडी काढतोयस? तुझी जागा जाईल की. खुर्ची कुठंय?"

या गल्लीत खुर्ची हा कायदा आहे. गाडी काढली की रिकाम्या जागेत माणूस घरची एखादी मोडकी खुर्ची ठेवून जातो, आणि ती खुर्ची बिशपही उचलत नाही. बर्फ पडलेला असो नसो, खुर्ची म्हणजे शब्द. एमिलची खुर्ची मात्र त्या आठवड्यात तळघरात होती, कमोडपाशी, हात टेकायला. आणायला वेळ नव्हता. दुकान पाचला बंद व्हायचं होतं.

"हाच ठेव की," ऑगी म्हणाले.

"हा कमोड आहे, ऑगी."

"त्यावर बसतात ना? मग खुर्चीच झाली."

विचार करायला वेळ नव्हता. एमिलनं कमोड गाडीच्या जागेत ठेवला आणि गेला. तो येईपर्यंत काय घडलं हे नंतर त्याला सहा जणांनी सहा प्रकारे सांगितलं, पण मुख्य गोष्ट अशी. एक परका माणूस छोट्या ट्रकमधून आला. रस्त्याच्या कडेला ठेवलेली वस्तू म्हणजे कोणीही न्यावी, हाही इथला कायदाच. त्यानं कमोडला हात घातला. तेव्हा ऑगी पायरीवरून उतरले आणि 'हात लावू नकोस, ही खुर्ची आहे' असं ओरडले. तो म्हणाला, ही खुर्ची नाही. समोरची एक बाई म्हणाली, ठेवली आहे म्हणजे खुर्चीच. दुसरी म्हणाली, झाकण असेल तर खुर्ची, नसेल तर भंगार. झाकण होतं. तरी तो माणूस हटेना, तेव्हा ऑगी जाऊन त्या कमोडवर बसले. पेपर उघडला आणि वाचू लागले.

एमिल कडं घेऊन आला तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे ऑगी भर रस्त्यात कमोडवर बसून खेळाचं पान वाचत होते आणि दोन्ही बाजूला माणसं उभी राहून फोटो काढत होती.

"जागा राखली," ऑगी म्हणाले. त्यांचा एक पाय बधिर झाला होता, म्हणून त्यांना दोघांनी धरून उठवावं लागलं.

संध्याकाळी एमिलचा फोन वाजला. डॉमिनिक.

"व्याही," डॉमिनिक गंभीरपणे म्हणाले, "कॉन्चेटानं मला एक फोटो दाखवला. तो रस्त्यात नसतो बसवायचा."

एमिलच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "अहो, तो फक्त... गाडीची..."

"नाही, नाही, माझं काही म्हणणं नाही. येऊ का मी? अवजारं व्हॅनमध्येच असतात."

"नको! झालंय सगळं," एमिल म्हणाला. "बसवला. आत्ताच बसवला. एकदम पक्का."

"छान," डॉमिनिक म्हणाले. "मग शनिवारी कॉन्चेटाला सोडायला येईन तेव्हा बघू."

फोन ठेवल्यावर एमिलनं खिडकीतून बाहेर पाहिलं. एकदम पक्का बसवलेला कमोड अजून फुटपाथवर होता आणि त्यावर कोणीतरी एक कुंडी आणून ठेवली होती.

*

त्यानंतरचे दिवस एमिलनं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. कचेरीतून सुटला की तो घरी पळत यायचा, बूट काढायच्या आधी वर जायचा, खाली यायचा, छताकडे बघायचा, पुन्हा वर जायचा. जेवताना त्याचा पाय टेबलाखाली शिलाई मशीनसारखा हलत असायचा. लोरेननं त्याला दोनदा विचारलं, "जरा बसतोस का?" आणि त्यानं दोनदा सांगितलं, "बसायला जागा कुठं आहे?"

बुधवारी पहिलं कडं गेलं. मेण थंड असेल तर नीट दाबलं जात नाही, जरा ऊब दे, असं ऑगी म्हणाले, म्हणून एमिलनं ते हीटरवर ठेवलं आणि कमोडवरची कुंडी काढायला गेला. परत येईपर्यंत कड्याचं सूप झालं होतं आणि ते हीटरच्या कंगोऱ्यांमधून शांतपणे लोरेनच्या गालिच्यात उतरत होतं. गालिचा पुढे आयुष्यभर पाण्याला दाद देईना.

दुसरं कडं त्याच संध्याकाळी गेलं. एमिलनं कमोड अगदी सरळ, दोन्ही बोल्टांवर नीट बसवला. मग मागे सरून पाहिलं तर तो जरासा डावीकडे झुकलेला. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, पण इथं अंगण खरोखरच वाकडं होतं, शंभर वर्षांचं घर ते. एमिलनं कमोड थोडासा उचलून पुन्हा ठेवला. एकदा दाबलेलं मेण पुन्हा उचललं तर कामातून गेलं, हे चौथ्या व्हिडिओत होतं, आणि चौथा व्हिडिओ त्यानं तेव्हा पाहिला नव्हता.

गुरुवारी तिसरं कडं. या वेळी त्यानं प्लॅस्टिकच्या छोट्या पाचरा लावून कमोड डळमळणार नाही असा बसवला. न उचलता. पाणी सोडलं, टाकी भरली. लोरेनला हाक मारली, नादिनलाही. दोघी दारात उभ्या राहिल्या. एमिलनं फ्लशचा दांडा दाबला. पाणी आलं, गरगर फिरलं, आणि मग खाली जाण्याऐवजी ते वर यायला लागलं. ते इतक्या संथपणे आणि निश्चयानं वर आलं की तिघांनीही एक एक पाऊल मागं घेतलं. काठाच्या केसभर खाली ते थांबलं.

नादिन वाकून पाण्याकडे बघत राहिली.

"बाबा," नादिन म्हणाली, "तुम्ही पाइपात ते फडकं कोंबलं होतं ना?"

फडकं पाइपातच होतं. कमोड पुन्हा उचलला. फडकं बाहेर काढल्यावर असं दिसलं की ते फडकं नव्हतं. बर्निसनं नाताळला दिलेला, ट्यूलिपचं भरतकाम केलेला, पाहुण्यांसाठीचा नॅपकिन होता.

"तिला काही सांगू नकोस," लोरेन म्हणाली. आणि मग तिला जे हसू आलं ते तिला आवरेना. ती जिन्याच्या पायरीवर बसून हसली. एमिलला मात्र मनापासून रडावंसं वाटत होतं. त्याला वाटलं, एकोणीस वर्षं आपण लोकांचे अर्ज परत पाठवले, आणि आता हा कमोड आपला अर्ज परत पाठवतोय.

चौथं कडंही गुरुवारीच बसलं. ते बसलं, पाणीही खाली गेलं, आणि दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या छतावर एक थेंब जमला. वाढवलेली जमीन आता समोर उभी राहिली. पाइपाचं तोंड बोटभर खाली, मेण तिथवर पोचतच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी एमिलनं कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली (तिचा अर्ज त्यानं सोमवारीच टाकून ठेवला होता) आणि तो हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकान चालवणारी मार्लिस गल्ल्यामागून म्हणाली, "पाचवं? एमिल, तुझ्या घरात संडास आहेत तरी किती?"

"एक."

मार्लिसनं यावर काही विचारलं नाही. चांगल्या दुकानदाराला कुठं थांबावं ते कळतं. एमिलनं तिला फरशीची उंची हातानं दाखवली तेव्हा ती आत जाऊन दुप्पट जाडीचं कडं घेऊन आली. रांगेत मागं उभा असलेला एक माणूस म्हणाला, दोन पातळ कडी एकावर एक ठेवायची असतात. त्याच्या मागचा म्हणाला, मुळीच नाही, दोन ठेवली की सरकतात. यावरून त्या दोघांची जुंपली, आणि एमिल जाड कडं छातीशी धरून बाहेर पडला. पहिल्यांदाच त्यानं कोणाचा सल्ला ऐकला नाही.

घरी येऊन त्यानं वरचं दार आतून लावून घेतलं. ऑगींनी दोनदा खालून हाक मारली, त्यानं ओ दिली नाही. पाइपात काही नाही हे त्यानं टॉर्च मारून तीनदा पाहिलं. कडं ठेवलं. कमोड दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून, बोल्टांवर सरळ खाली आणला आणि त्यावर बसला. नुसता बसला, दाबायला. हलला नाही. खाली लोरेन पीठ मळत होती. खालून दालचिनीचा वास येत होता, आणि एमिल त्या बंद खोलीत एका कमोडवर स्थिर बसून होता. आठवड्यात पहिल्यांदाच तो स्थिर बसला होता.

*

शनिवारी सकाळी नऊपासून बायका येऊ लागल्या. बर्निस आली ती दोन मिक्सर घेऊन. कॉन्चेटा सबातेल्लींनी बडीशेपेची बिस्किटं डब्यात आणली होती. त्यांच्या मागून डॉमिनिक आले, एका हातात अवजारांची पिशवी.

"सहज आणली," ते म्हणाले, आणि पिशवी दाराशी ठेवली. एमिलचं लक्ष सकाळभर त्या पिशवीवरून हटलं नाही.

त्यानं वरच्या संडासात नवा टॉवेल लावला होता, साबण ठेवला होता, दाराची कडी घट्ट केली होती. पण दहा वाजले, अकरा वाजले, तरी वर कोणी जाईना. बायका चहा पीत होत्या, कॉफी पीत होत्या, आणि एक एक करून तळघराच्या जिन्यानं खाली जात होत्या.

"लोरेन," एमिल तिला बाजूला घेऊन कुजबुजला, "तू सांगितलं नाहीस का त्यांना?"

"सांगितलं," लोरेन म्हणाली. "ऐकतायत कुठं?"

गोष्ट अशी होती की अकराच्या अकराजणी याच वस्तीत वाढल्या होत्या. पहिली खाली काहीतरी आणायला गेली, तिनं तो उघडा कमोड पाहिला आणि किंचाळली, "अगं, अगदी आमच्याकडं होता तसाच!" मग दुसरी बघायला गेली. मग एक बसायची, दुसरी वॉशिंग मशीनला टेकून उभी राहायची, तिसरी जिन्यात पहारा द्यायची, आणि तिघी जोरजोरानं आपापल्या बापाच्या गोष्टी सांगायच्या. बर्निसला तर वरच येववेना. साडेतीन संडासांची ती मालकीण खालून ओरडत होती, "आपल्या घरी बाबा असाच शेजारी काळा साबण ठेवायचे, आठवतं का गं, लोरेन?" आणि लोरेन कणीक लागलेल्या हातांनी डोळे पुसत होती.

एमिल भट्टीपाशी उभा राहून छताकडे बघत होता. त्याला आपण आठवडाभर कोणासाठी राबलो हेच समजेना.

साडेअकराला डॉमिनिक खुर्चीतून उठले. "एमिल, तुमचं बाथरूम?"

खाली बायका होत्या. त्यांना वर जाण्याखेरीज गत्यंतर नव्हतं.

"वर. डावीकडे," एमिल म्हणाला.

पावलं जिन्यानं वर गेली. दार लागलं. कडी वाजली. एमिल डागाच्या बरोबर खाली उभा राहिला. कॉन्चेटांनी त्याला बिस्किट दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं. वर पाणी सुटलं. घरात पाणी खाली उतरण्याचा आवाज भिंतीतून गेला, खोल जाऊन थांबला. एमिल डोळे न मिटता बघत होता. डाग तसाच होता, कोरडा. टाकी भरून गप्प झाली. छत कोरडंच होतं.

डॉमिनिक खाली आले. खुर्चीत बसले. एक अक्रोडाचं बिस्किट घेतलं, खाल्लं, आणखी एक घेतलं. पाऊस येणार म्हणतात, म्हणाले.

एमिलला राहवेना. "मग?" तो म्हणाला.

"मग काय?"

"काय वाटलं?"

"कशाचं?"

"वरचं! कमोड!"

डॉमिनिक चावायचे थांबले. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. "काही नाही," ते म्हणाले. "माझं लक्षच नव्हतं." मग हात झटकून उठले, दाराशी गेले, पिशवी उचलली आणि व्हॅनमध्ये ठेवायला बाहेर गेले.

एमिलच्या काळजाला ते फार लागलं. तो लोरेनपाशी गेला. ती बिस्किटांच्या कडा दाबत होती. "ऐकलंस? लक्ष नव्हतं म्हणे! पाच कडी गेली, गालिचा गेला, गल्लीभर फोटो गेले, आणि यांचं लक्ष नव्हतं!"

लोरेननं मान वर केली नाही. "एमिल," ती म्हणाली, "चाळीस वर्षं प्लंबरकी केलेला माणूस तू बसवलेल्या कमोडवर जाऊन आला आणि त्याला लक्ष द्यावंसं काही दिसलं नाही. अजून काय हवंय तुला? बँड बोलावू?"

एमिलनं हातातलं बिस्किट तोंडात टाकलं, आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून जिना चढून वर गेला. दार लावलं. त्याला कसलीही गरज नव्हती. त्यानं दांडा दाबला, आणि पाणी गरगरत खाली जाताना कान देऊन ऐकत राहिला. स्वयंपाकघरातून कोणी ओरडलं नाही. टाकी भरेपर्यंत तो तिथंच थांबला, आणि भरल्यावर त्यानं दांडा पुन्हा एकदा दाबला.